जात्यात दळायचं की उखळात कांडायचं? ग्रॅफाइटच्या आत नेमकं काय मोडतं

मागच्या महिन्यात आमचा मिक्सर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडलं, मोटरच्या दोन्ही बाजूंच्या पितळी खोबणींतून दोन काळे तुकडे काढले आणि तळहातावर ठेवून दाखवले. "कार्बन गेलेत, साहेब." नवे असताना बोटाच्या पेराएवढे असलेले ते तुकडे झिजून वाटाण्याएवढे उरले होते. बाकीचा सगळा माल मोटरच्या आत काळी भुकटी होऊन बसला होता. इतकी वर्षं या मशीनने आम्हाला चटण्या वाटून दिल्या, आणि त्याच वेळी आतल्या आत ते स्वतःचा कार्बनही वाटत होतं.

मी ती भुकटी सवयीने चिमटीत घेऊन चोळली. माझी उमेदीची काही वर्षं प्रयोगशाळेत कार्बन दळण्यातच गेली, त्यामुळे काळं काही दिसलं की हात जातोच. दुरुस्तीवाल्याला गंमत वाटली. मला मात्र तो जुनाच प्रश्न पुन्हा पडला: तो तुकडा आणि ही भुकटी, हा एकच पदार्थ म्हणायचा का?

शाळेतलं उत्तर सोपं आहे. दळणं हा भौतिक बदल, रासायनिक नाही. गहू दळला की पीठ होतं, पण पदार्थ तोच राहतो. आता हेच उत्तर रोज पोळ्या लाटणाऱ्या एखाद्या काकूंना सांगून बघा. चक्कीवाल्याने जास्त बारीक दळून दिलं की पीठ जास्त पाणी पितं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यामागे खरंच कारण आहे. दळताना गव्हातले स्टार्चचे कण नुसते सुटे होत नाहीत, त्यातले काही फुटतात, आणि फुटलेला स्टार्च धड कणापेक्षा जास्त पाणी शोषतो. म्हणजे दगडाने आकारही बदलला आणि आतली घडणही मोडली. कार्बनच्या बाबतीत ही मोडतोड फार पुढे जाते. इतकी, की शेवटी हातात येतो त्याला ग्रॅफाइट (पेन्सिलीतला आणि मिक्सरच्या त्या तुकड्यांतलाही कार्बन) म्हणावं की नाही यावरच वाद घालता येतो.

आधी ग्रॅफाइट धड असताना कसं असतं ते पाहू. पत्त्यांचा नवा कोरा कॅट डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पत्ता म्हणजे कार्बनच्या अणूंची एक जाळी, मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी. जाळीत शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). असे पत्ते एकावर एक रचलेले, आणि दोन पत्त्यांमध्ये ०.३३५ नॅनोमीटरचं अंतर, म्हणजे जाळीतल्या अंतराच्या दुपटीहून जास्त. एका पत्त्यातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पत्ते मात्र एकमेकांवर नुसते टेकलेले असतात.

हा फरक आकड्यांत पाहिला की थक्क व्हायला होतं. ग्रॅफाइटचा थर त्याच्याच पातळीत ताणायचा झाला तर त्याची ताठरता सुमारे १०६० गिगापास्कल भरते. पोलादाची २०० च्या आसपास असते. पण थरांवर वरून दाब दिला तर हाच आकडा ३६ वर येतो, आणि एका थरावरून दुसरा सरकवायचा झाला तर फक्त ४ च्या आसपास. एकच पदार्थ एका दिशेने पोलादाच्या पाचपट ताठ आणि दुसऱ्या दिशेने बोटाने सरकेल इतका मऊ. पेन्सिल कागदावर उमटते ती या मऊपणामुळे.

कॅटमध्ये आणखी एक खुबी आहे. पत्ते नेमके एकावर एक बसत नाहीत. दुसरा थर पहिल्याच्या तुलनेत थोडा सरकलेला असतो, आणि तिसरा पुन्हा पहिल्याच्या जागेवर येतो. एक-दोन-एक-दोन अशी ही लय असते. हजारो थर ती पाळतात म्हणून आपण त्याला स्फटिक म्हणतो.

आता गिरणी. प्रयोगशाळेत वापरतात त्या यंत्राला प्लॅनेटरी बॉल मिल म्हणतात. जत्रेतल्या चक्री पाळण्यासारखी एक गोल तबकडी फिरते, तिच्यावर बसवलेले जार त्याच वेळी उलट्या दिशेने स्वतःभोवती फिरतात, आणि जारच्या आत भुकटीबरोबर पोलादाचे किंवा झिर्कोनिया नावाच्या कठीण सिरॅमिकचे गोळे असतात. त्यांना सगळे बॉलच म्हणतात. भुकटीच्या वजनाच्या दहा ते चाळीसपट वजनाचे बॉल, मिनिटाला तीन-चारशे फेरे, आणि हे सगळं दहा, वीस, कधी शंभर तास. मध्ये मध्ये थांबावं लागतं, कारण चक्कीवरून आणलेल्या पिठासारखा जारही तापतो. आवाज इतका, की आमच्या खोलीत बोलताना ओरडायची सवय लागली होती आणि ती घरीही आली.

दोन बॉल एकमेकांवर आदळतात तेव्हा मध्ये सापडलेल्या भुकटीवर क्षणभर काही गिगापास्कल दाब येतो. एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या सुमारे दहा हजारपट. तो क्षण मिलिसेकंदाहूनही लहान असतो, पण असे क्षण लाखोंनी येतात.

माझ्या मते इथे एक गोष्ट नीट समजली की बाकीचा विषय आपोआप उलगडतो. आपल्या घरांत दळण्याची दोन अगदी वेगळी साधनं होती. जातं आणि उखळ. जात्यात वरची तळी खालच्या तळीवरून फिरते, धान्य मध्ये घासलं जातं. उखळात मुसळ वरून आदळतं. आजी मेतकूट जात्यावर करायची आणि पोहे उखळात कांडायची, त्याची उलटापालट तिने कधी केली नाही. भौतिकशास्त्रात पहिल्याला कातर बल म्हणतात आणि दुसऱ्याला आघात. कुठल्याही बॉल मिलमध्ये दोन्ही असतात, पण प्रमाण वेगवेगळं. प्लॅनेटरी मिलमध्ये बॉल जारच्या भिंतीवरून घासत जातात, म्हणजे जात्याचा अंश बराच असतो. जार वर-खाली हादरवणाऱ्या व्हायब्रेटरी मिलमध्ये मुसळाचं काम जास्त.

पत्त्यांचा कॅट जात्यात घातला तर पत्ते एकमेकांवरून सरकतील, पसरतील, सुटे होतील, पण पत्ते फार फाटणार नाहीत. उखळात घातला तर पत्ते दुमडतील, चुरगळतील, फाटतील, आणि सगळं मिळून एक लगदा होईल. ग्रॅफाइटचंही असंच होतं. म्हणून "ग्रॅफाइट वीस तास दळलं" हे वाक्य एकटं वाचलं की मला ते अर्धवट वाटतं. कशात दळलं, कसल्या बॉलनी, आणि जारमध्ये हवा कोणती होती? त्यातल्या हवेकडे पुढे येतोच.

मोडतोड साधारण एका क्रमाने होते. सुरुवातीला थर नुसते सरकतात. यात एक-दोन-एक-दोन ही लय बिघडते आणि मधूनच एक-दोन-तीन अशी वेगळी लय दिसू लागते. म्हणजे तिसरा थर पहिल्याच्या जागी न येता आणखी पुढे सरकून बसतो. यासाठी थराला हलावं लागतं फक्त ०.१४२ नॅनोमीटर, त्यामुळे हे अगदी हलक्या दळण्यानेही होतं. निसर्गात सापडणाऱ्या ग्रॅफाइटमध्येही ही दुसरी लय थोडीफार आढळते, आणि खूप तापवलं की ती जाऊन पहिली लय परत येते.

मग कॅट पातळ होऊ लागतो. हजार पत्त्यांचे शंभर, शंभराचे तीस. पत्त्यांचं क्षेत्रफळ अजून बऱ्यापैकी शाबूत असतं. हाच टप्पा ग्राफीनच्या मागे लागलेल्यांना हवा असतो. ग्राफीन म्हणजे सुटा एकच पत्ता. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने तो वेगळा केला आणि २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण चिकटपट्टीने टनावारी माल निघत नाही. त्यापेक्षा मला २०१४ चा डब्लिनचा प्रयोग जास्त आवडतो. ट्रिनिटी कॉलेजमधल्या गटाने ग्रॅफाइट पाण्यात भांडी घासायच्या साबणाबरोबर टाकून स्वयंपाकघरातल्या ब्लेंडरमध्ये फिरवलं आणि थर सुटे करून दाखवले. द्रवातला एक थर दुसऱ्यावरून पुरेशा वेगाने घसरला पाहिजे, एवढीच अट. तो वेग द्रवाच्या त्या दोन थरांमधल्या अंतराने भागून येणारा आकडा सेकंदाला दहा हजारांच्या पुढे गेला की पत्ते सुटू लागतात. हे शुद्ध जात्याचं काम आहे, मुसळ कुठेच नाही. (घरी करून बघू नका. भांडं काळं होतं आणि बोलणी खावी लागतात.)

त्यापुढे दळत राहिलं की पत्तेच फाटू लागतात. तुकडे काही नॅनोमीटरवर येतात. थर वाकतात, मधलं अंतर ०.३३५ वरून ०.३४४ किंवा त्याहूनही जास्त होतं, आणि थरांची एकमेकांशी दिशा जुळेनाशी होते. समांतर तर आहेत, पण प्रत्येक जण हवा तसा गोल फिरलेला. लहान मुलाने पत्ते गोळा करून ढीग रचावा तसा. या अवस्थेला टर्बोस्ट्रॅटिक म्हणतात. १९४२ मध्ये बिस्को आणि वॉरन यांनी टायरमध्ये वापरतात त्या कार्बन ब्लॅकचा अभ्यास करताना हा शब्द काढला. त्यानंतरचा टप्पा म्हणजे पूर्ण अंदाधुंदी: षटकोनांच्या जागी मधूनच पंचकोन-सप्तकोन, वाकडेतिकडे थर, दोन थरांना टाचणी लावल्यासारखे मधले बंध. याला बरेच जण सरसकट अस्फटिकी कार्बन म्हणून मोकळे होतात. मला ते थोडं घाईचं वाटतं, कारण नीट पाहिलं तर तीन-चार थरांचे बारीक पुंजके बहुतेक वेळा शिल्लक असतातच.

हे सगळं डोळ्यांना कसं दिसतं? जार उघडल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती चमक गेल्याची. ग्रॅफाइट आत घालताना रुपेरी-करडं, अभ्रकासारखं चकाकणारं असतं. बाहेर येतं ते मखमली, मेलेलं काळं. बोटावर घेतलं तर पूर्वी सरकायचं, आता चिकटतं. काही भाग जारच्या भिंतीवर पापुद्रा होऊन घट्ट बसलेला असतो आणि तो खरवडताना मनगट दुखतं.

पण बोटावर शोधनिबंध लिहिता येत नाही, म्हणून दोन साक्षीदार बोलवावे लागतात.

पहिला साक्षीदार क्ष-किरण. धड ग्रॅफाइटवर तांब्याच्या नळीतले क्ष-किरण टाकले की आलेखात २६.५ अंशांच्या जागी एक उंच, सुईसारखं शिखर येतं. हे शिखर थरांमधल्या अंतराचं. दळत गेलं की ते बुटकं होतं, फुगतं आणि किंचित डावीकडे सरकतं. डावीकडे सरकणं म्हणजे थर दूर जाणं. फुगणं म्हणजे स्फटिक लहान होणं. हे दुसरं नातं पॉल शेररने १९१८ मध्ये सूत्रात मांडलं: शिखर जितकं रुंद, तितका स्फटिक लहान. कारण समजायला सोपं आहे. हजार जणांनी एका लयीत टाळी वाजवली तर जरा चुकलेली टाळी लगेच बुडून जाते आणि आवाज टोकदार येतो. दहाच जण असतील तर थोडी मागे-पुढे झालेली टाळीही ऐकू येते, आवाज पसरतो. थर कमी उरले की शिखर पसरतं ते याच कारणाने. फक्त एक सावधगिरी बाळगायची. स्फटिकाच्या आत ताण असेल तरीही शिखर फुगतं. दळलेल्या मालात ताण असतोच. तेव्हा सूत्रातून निघालेला आकडा अंदाज म्हणून घ्यावा.

दुसरा साक्षीदार आपला, म्हणजे रामन वर्णपट. १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेला परिणाम आज जगातल्या प्रत्येक कार्बन प्रयोगशाळेची पहिली चाचणी आहे. लेसर टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते मोजायचं. धड ग्रॅफाइट १५८० च्या आसपास (एकक: प्रति सेंटिमीटर) एक रेघ देतं, तिला जी म्हणतात. १३५० च्या आसपास दुसरी एक रेघ असते, डी. ती निर्दोष जाळीत दिसतच नाही. जाळी फाटली, कड आली, दोष आला, की ती डोकं वर काढते. ट्यूइन्स्ट्रा आणि कोएनिग यांनी १९७० मध्ये दाखवलं की डी आणि जी यांच्या उंचीचं गुणोत्तर पत्त्याच्या आकाराच्या उलट चालतं: तुकडे जितके लहान, तितकी डी उंच.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेलो आहे. साठ तास दळलेल्या नमुन्याचं गुणोत्तर तीस तासांच्या नमुन्यापेक्षा कमी आलं. मी आनंदाने वहीत लिहिलं की जास्त दळल्यावर जाळी सुधारली. गाइडांनी वही बघितली आणि काहीच न बोलता परत दिली. त्यांचं न बोलणं म्हणजे काय हे आम्हाला माहीत होतं. झालं होतं असं की ते गुणोत्तर कायम वाढत जात नाही. तुकडे दोन नॅनोमीटरच्या खाली गेले की ते उलटं फिरून घसरू लागतं, कारण डी रेघ उमटायला निदान थोडे धड षटकोन शिल्लक लागतात. षटकोनच उरले नाहीत तर दोष दाखवणार कोण? गुणोत्तर कमी म्हणजे माल उत्तम किंवा माल पार बरबाद, आणि कोणतं ते रेघांच्या रुंदीवरून ठरवायचं. माझ्या रेघा एकमेकींत मिसळून टेकडीसारख्या झाल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

आता जारमधली हवा. त्यासाठी पुन्हा मिक्सरच्या कार्बनकडे जावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धात विमानं पूर्वीपेक्षा खूप उंच उडू लागली आणि एक विचित्र तक्रार आली. जमिनीवर निर्धास्त चालणारे जनरेटरचे कार्बन ब्रश उंचावर गेल्यावर बघता बघता झिजून भुकटी होत. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी याचा छडा लावला आणि १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. कारण होतं पाण्याची वाफ. उंचावरची हवा कोरडी असते. ग्रॅफाइट गुळगुळीत आहे ते नुसतं थर सरकतात म्हणून, असं तोवर सगळे मानत. सॅव्हेज यांनी दाखवलं की निर्वातात ग्रॅफाइट अजिबात गुळगुळीत राहत नाही, उलट झपाट्याने झिजतं. थोडी वाफ सोडली की पुन्हा शांत. म्हणून अंतराळयानांत वंगण म्हणून ग्रॅफाइटऐवजी मॉलिब्डेनम डायसल्फाइड घेतात. मुंबईच्या हवेत मिक्सर चालवणाऱ्याला ही चिंता नाही.

याचं कारण पत्त्याच्या कडेला आहे. जाळीच्या मधल्या प्रत्येक अणूचे तिन्ही हात शेजाऱ्यांच्या हातांत असतात. पत्ता फाटला की कडेच्या अणूचा एक हात रिकामा होतो. असा रिकामा हात फार वेळ रिकामा राहत नाही. जवळ पाण्याची वाफ किंवा ऑक्सिजन असेल तर तो धरतो आणि कड शांत होते. काहीच नसेल तर शेजारच्या पत्त्याची कड पकडतो. मग सरकणं थांबतं आणि फाटणं सुरू होतं.

जारमध्येही हुबेहूब हेच चालतं. आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूत किंवा निर्वातात दळलं तर कडा उघड्या राहतात, घर्षण वाढतं आणि थर लवकर चिरडतात. ग्रॅमला जेमतेम काही चौरस मीटर पृष्ठफळ असलेलं ग्रॅफाइट काही तासांत ग्रॅमला काही शे चौरस मीटरवर जातं. मात्र फार वेळ दळलं तर त्याच उघड्या कडा एकमेकींना जुळून गोळे होतात आणि पृष्ठफळ पुन्हा उतरतं. याउलट एखाद्या द्रवात दळलं तर द्रव वंगणाचं काम करतो, आघात मऊ होतो, आणि मोठे, पातळ, बऱ्यापैकी धड पापुद्रे मिळतात. म्हणजे यंत्र तेच, बॉल तेच, तासही तेवढेच, आणि माल दोन टोकांचा.

आर्गॉनमध्ये दळलेला जार उघडणं हा वेगळाच सोहळा असतो. आमच्या इथला एक मुलगा संध्याकाळच्या गाडीच्या घाईत होता. झाकणाचे स्क्रू त्याने एकदम सोडले आणि भुकटी चिनीमातीच्या बशीत ओतली. क्षणभर काही नाही. मग बशीच्या मधोमध एक लाल ठिपका उमटला आणि तंबाखूच्या चिलमीसारखा पसरत गेला. धूर नाही, आवाज नाही. कोट्यवधी रिकामे हात एकाच वेळी ऑक्सिजनवर तुटून पडले होते. पेन्सिलीतला तोच निरुपद्रवी पदार्थ, आणि आपण होऊन पेटला! नंतर आम्ही झाकण थोडंसं सैल करून रात्रभर हवा हळूहळू आत जाऊ द्यायचो. त्याची गाडी अर्थातच चुकली.

मात्र हे रिकामे हात कामालाही लावता येतात. दक्षिण कोरियातल्या बेक जाँग-बम यांच्या गटाने २०१२ मध्ये ग्रॅफाइट कोरड्या बर्फाबरोबर, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर, ४८ तास दळलं. कडा फाटत गेल्या आणि प्रत्येक कडेवर कार्बन डायऑक्साइड जाऊन चिकटला. कडेला आम्लाचे गट बसलेले पत्ते तयार झाले. ते पाण्यासारख्या द्रावकांत सहज पसरतात आणि मधली जाळी बरीचशी शाबूत राहते. ना तीव्र आम्लं, ना उकळणं. जारमध्ये हायड्रोजन भरला तर तोही असाच पकडला जातो. १९९९ मध्ये जपानमध्ये ८० तास असं दळल्यावर ग्रॅफाइटने वजनाच्या ७.४ टक्के हायड्रोजन धरला होता. तेव्हा हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांची स्वप्नं पडली. पण तो हायड्रोजन बाहेर काढायला तीनशे अंशांच्या पुढे तापवावं लागतं. गाडीच्या टाकीखाली भट्टी कोण लावणार?

दळता दळता रसायन घडवण्याच्या या शास्त्राला मेकॅनोकेमिस्ट्री म्हणतात, आणि २०१९ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने जगाचं रूप पालटू शकतील अशा दहा तंत्रांच्या यादीत त्यातली एक पद्धत घातली. आपल्याकडच्या वैद्यांना यात नवं काही वाटणार नाही. कज्जली करताना पारा आणि गंधक खलात घालून घोटत बसतात, ना विस्तव ना पाणी. पाऱ्याचा एकही चमकता कण दिसेनासा झाला, निश्चंद्र झालं, की काम झालं. खलात उरतं ते काळं पारद सल्फाइड, म्हणजे पुरतं नवं संयुग. औषध म्हणून तिचं काय करायचं हा वेगळा विषय. पण चमक गेली की समजावं आत काहीतरी घडलं, ही खूण मला जार उघडताना दर वेळी आठवायची.

आता एक न आवडणारी गोष्ट. जारमध्ये फक्त कार्बन झिजत नाही, बॉलही झिजतात. पोलादी जारमध्ये बराच वेळ दळलेल्या ग्रॅफाइटमध्ये लोखंड उतरतं, कधी कधी काही टक्के. भुकटी काळीच असल्याने डोळ्यांना पत्ता लागत नाही. एकदा मी कुपीला सहज लोहचुंबक लावला तर अर्धी भुकटी काचेला चिकटून वर आली. महिनाभर मी जिचे गुणधर्म मोजत होतो, ती कार्बन आणि लोखंडाची खिचडी होती. हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन बरंचसं लोखंड निघतं, पण कार्बनच्या पापुद्र्यांत गुंडाळलेलं राहतंच. म्हणून बॉल मिलमधून काढलेला कार्बन धातूशिवाय उत्प्रेरकाचं काम करतो असा दावा वाचला की मी आधी बॉल कशाचे होते ते शोधतो.

बॅटरीवाल्यांचा अनुभव याहून बोलका आहे. लिथियम बॅटरीच्या ऋण टोकाला ग्रॅफाइट असतं आणि लिथियम त्याच्या पत्त्यांमध्ये शिरतं, सहा कार्बनमागे एक. त्यावरून ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास ही मर्यादा ठरते. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँच्या गटाने दळलेल्या ग्रॅफाइटमध्ये ७०० च्या आसपास आकडा मिळवला, कारण लिथियमला पत्त्यांमधल्या जागांशिवाय कडा, भेगा, पोकळ्या असं बरंच काही मिळालं. ऐकायला दुप्पट नफा. पण पहिल्याच चार्जिंगला तीनशेहून जास्त कायमचे बुडाले. पृष्ठफळ जितकं जास्त, तितका लिथियम पृष्ठभागावर थर बनवण्यातच खर्ची पडतो, आणि तो परत येत नाही. शिवाय आत जाताना आणि बाहेर येताना व्होल्टेज वेगवेगळं. आत जायला एक भाडं, परतीला दुसरं. व्यवहारात हा सौदा परवडत नाही.

त्यामुळे बॅटरीच्या कारखान्यांतही ग्रॅफाइट गिरणीत घालतात, पण उलट्या हेतूने. खाणीतल्या ग्रॅफाइटचे चपटे पापुद्रे हलक्या आघातांनी दुमडत, वळवत गोल केले जातात. कण कोबीच्या गड्ड्यासारखा होतो: पापुद्रे एकावर एक गुंडाळलेले, कडा आत दडलेल्या, पृष्ठफळ कमी. आतला स्फटिक मोडू द्यायचा नाही, हीच सगळी कसरत. त्यात साधारण निम्मा माल बारीक चुरा होऊन बाजूला पडतो आणि तो बॅटरीला चालत नाही. पृष्ठफळ वाढवायचं म्हणून प्रयोगशाळा रात्रंदिवस दळतात, ते वाढू नये म्हणून कारखाना निम्मा माल सोडून देतो.

ग्रॅफाइट सोडून बाकी कार्बनचं काय? थोडक्यात सांगतो. नारळाच्या करवंटीपासून केलेला, पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तो सक्रिय कोळसा मुळातच नॅनोमीटरएवढ्या छिद्रांनी भरलेला असतो, ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या घरात. तो जोरात आणि फार वेळ दळला तर छिद्रं चेपली जातात आणि पृष्ठफळ घटतं. ग्रॅफाइटच्या नेमकं उलट. बारीक केलं की पृष्ठफळ वाढणारच, हा समज इथे पार आपटतो. कार्बनच्या नॅनोनळ्या दळल्यावर आखूड होतात आणि त्यांची बंद टोकं उघडतात. साठ अणूंचा फुटबॉल, सी-साठ, पोटॅशियम सायनाइडबरोबर दळून क्योतोच्या कोमात्सु यांच्या गटाने १९९७ मध्ये दोन फुटबॉल जोडून डंबेलसारखा रेणू बनवला होता. हिरा घातलात तर आधी बॉल झिजतील.

दुरुस्तीवाल्याने नवे कार्बन बसवले, पॉलिश पेपर काढला आणि आर्मेचरवरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचा, तांब्याचा भाग घासायला घेतला. त्याच्यावर तपकिरी-काळपट थर चढला होता. मी त्याला म्हटलं, हलकाच मार, सगळा काढू नकोस. तो थर म्हणजे इतक्या वर्षांत त्या दोन तुकड्यांनी तांब्यावर सारवलेलं ग्रॅफाइट, तांब्याच्या ऑक्साइडबरोबर. तेवढ्यावरच कार्बन अलगद सरकतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पेपर बाजूला ठेवला, कपड्याने नुसतं पुसलं आणि मिक्सर चालू केला. आत निळ्या ठिणग्या उडाल्या, जळका वास आला. नव्या कार्बनची टोकं चपटी असतात, आर्मेचरच्या गोलाईला घासून बसेपर्यंत ती थोडी तडतडतातच. "दोन दिवस रिकामाच फिरवा थोडा थोडा," तो म्हणाला, "मग घाला खोबरं."